रणगाड्यांची खोली

नवीन जालना,
जून १९९८

प्रिय उषाताई,

थोरली जाऊ असूनही तू मला कधी अहो-जाहो करू दिलं नाहीस, म्हणून आजही एकेरीतच लिहिते. फोन केला असता, पण आमचा फोन खाली दुकानात, बियाण्याच्या पोत्यांपाशी, आणि त्याला चिकटून दिवसभर मामंजी बसलेले. इकडे उमेशच्या दत्तकविधानाची तयारी जोरात आहे. सासूबाईंनी जरीची टोपी आणली, गुरुजींना सांगून झालं, केदारखेड्याच्या भावकीला निरोप गेले. आषाढ लागायच्या आत उरकायचं असं मामंजींच्या मनात आहे. तुझं लेकरू माझ्या मांडीवर बसणार म्हणून गल्लीतल्या बायका आतापासूनच माझ्याकडे बघून हसतात. मीही हसते. इतक्या वर्षांनी हसायला कारण मिळालं तर का सोडायचं?

संपतभाऊजींनी पाठवलेलं खोकं पोचलं, त्यांना कळव. या खेपेला सेंच्युरियन रणगाडा आहे, जोडून उभा करायचा. आमच्या ह्यांनी आधी ते नुसतं उघडून बघितलं, वास घेतला आणि परत बंद केलं. मग काम सुरू झालं. दुकानातून आले की चहा घ्यायचा आणि वरच्या खोलीत जायचं. प्लॅस्टिकच्या चौकटीतून एकेक बारीक भाग कापायचा, घासायचा, डिंक लावून धरून बसायचं. घासायला माझी नखांची कानस आणि धरायला माझा चिमटा. रणगाड्याला बांधायचा ओढायचा दोर मात्र मी करून देते, शिवणाचा दोरा मेणातून ओढून पिळायचा. चाकांच्या पट्ट्यांना चिखल दिसावा म्हणून केदारखेड्याच्या शेतातली काळी माती माझ्या चहाच्या गाळणीतून चाळून डिंकात कालवतात. मी एकदा म्हटलं, आफ्रिकेच्या वाळवंटातल्या रणगाड्याला आपल्या कपाशीचा चिखल कुठून लागला? तर म्हणाले, "इकडूनच गेल्ता तो, आपल्या फौजेनं इकलेला." आता कपाटात शर्मन आहे, पॅटन आहे, टायगर आहे, विजयंता आहे. एकमेकांवर गोळे झाडणारे सगळे शेजारी शेजारी गुपचूप उभे आहेत.

हे वेड कुठून आलं ते तुला ठाऊक आहेच. हे या घरी दत्तक येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी दोघं भाऊ मिळून औरंगाबादला भरतीला गेले होते. धावण्यात हे भाऊजींच्याही पुढे होते. छाती मोजून झाली होती. तेवढ्यात मामंजी मैदानात पोचले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "भुजंग, तुला फौजेत द्यायसाठी आणलं व्हतं का रं?" हे कपडे चढवून त्यांच्यामागे चालू लागले. भाऊजी खऱ्याखुऱ्या रणगाड्यात बसले, हे सरकी आणि सूर्यफुलाच्या पोत्यांत बसले. भाऊजींनी पहिलं खोकं पाठवलं ते बिचाऱ्यांनी भावाचं मन राहावं म्हणून. पण ताई, कधी कधी मला वाटतं, ते खोकं आलं नसतं तर हे एखाद्या दिवशी निघून तरी गेले असते.

आणि माझ्या सासू-सासऱ्यांना वाईट म्हणायची सोय नाही. वाईट असते तर सोपं झालं असतं. मूल होत नाही म्हणून सासूबाईंनी मला एक शब्द कधी लावला नाही, उलट दवाखान्यात माझा हात धरून बसल्या. मागच्या खंडेनवमीचं सांगते. दुकानातला तराजू, वजनं, फवारणीचे पंप, सगळं पुजायला मांडलं. सासूबाई वर गेल्या आणि कौतुकाने ह्यांचे रणगाडेही घेऊन आल्या. हत्यारंच ती, म्हणाल्या, पुजायला नकोत का? प्रत्येकाला ओल्या बोटाने हळद-कुंकू लावलं, वर नारळाचं पाणी शिंपडलं. टायगरच्या पोटावर हळद अशी बसली की निघता निघेना. कित्येक महिन्यांचं काम होतं ते. हे दारात उभे राहून बघत होते. मला वाटलं, आता तरी बोलतील. हात जोडून आरतीला उभे राहिले. मग आठवडाभर बसून पुन्हा रंग दिला.

त्या दिवशी मला ह्यांचं कळलं. पोटचा मुलगा असता तर आईवर खेकसला असता, दोन दिवस जेवला नसता, आणि तिसऱ्या दिवशी तिनेच समजूत घातली असती. ह्यांना या घरात कधी रागावताच आलं नाही. हक्काने आणलेल्या मुलाला हट्टाचा हक्क नसतो, असं हे लहानपणीच स्वतःशी ठरवून बसलेत. दोडका आवडत नाही हेसुद्धा सासूबाईंना अजून माहीत नाही. आवडता म्हणून आग्रह करून वाढतात आणि हे खातात.

म्हणून उमेश मे महिन्यात राहायला आला तेव्हा घराला जाग आल्यासारखं झालं. दोडका बघून त्याने ताट लोटलं तेव्हा ह्यांच्याकडे बघायला हवं होतंस. असे खुश झाले जसं काही त्यांच्याच मनातलं कोणी बोललं. शर्मनची नळी त्याच्या हातून मोडली, तर हाच उलटा ओरडला, "काका, तुमचा डिंकच कच्चा हाये!" हे पोट धरून हसले. मी त्यांना असं हसताना बघितलंच नव्हतं. त्या दिवसांत मी त्याच्या चड्ड्या धुतल्या, डोक्याला तेल लावलं, आणि खोटं कशाला सांगू, मनातल्या मनात त्याला माझा म्हणून टाकलं.

मग एका दुपारी सासूबाईंनी त्याला जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला आणि सांगितलं, "आता तू आमचाच. हे घर, दुकान, समदं तुझंच. मंग आता शहाण्यावानी राह्यचं." प्रेमानेच सांगितलं. रात्री त्याने दोडका खाल्ला. दुसऱ्या दिवशी वरच्या खोलीत मांडीवर हात ठेवून बसला. ह्यांनी विजयंता त्याच्यापुढे धरला, तर म्हणाला, "राहू द्या काका, मोडंल." आणि तू त्याला न्यायला आलीस त्या सकाळी तो माठापाशी उभा होता. आल्या दिवसापासून ओगराळं तोंडाला लावून पिणारं पोर मला विचारतं, "काकू, पाणी घेऊ का?" हे पायरीवर बसून चप्पल घालत होते. नंतर मला एवढंच म्हणाले, "म्या बी इचारलं व्हतं."

परवा तुझं पत्र आलं, की उमेश किती शहाणा होऊन आला, समोर येईल ते खातो, काय जादू केलीस. ताई, जादू नाही केली. भ्यालंय गं लेकरू. त्याला परत ओरडू दे. आईच्या संमतीवाचून दत्तक होत नाही, तेव्हा तू नाही म्हण. ह्यांच्या तोंडून नाही निघणार नाही, आजवर निघालेलं नाही. मला विचारतील तेव्हा ती टोपी समोर असेल आणि माझी मान हलेल. मी स्वतःला ओळखते. तू भावकीसमोर मला नावं ठेव, बेबीनंदाच्या हाती माझं पोर देणार नाही म्हण, मी ऐकून घेईन. आणि उद्या मीच टेंभुर्णीला येऊन तुझ्यापुढे पदर पसरला, तरी देऊ नकोस.

तुझीच,
बेबीनंदा