दुसरी फिल्म

प्रिय ठमे,

काल फोनवर तू 'ठीक आहे' असं तीनदा म्हणालीस, तेव्हाच तुझ्या आईने ओळखलं की काहीतरी बिनसलंय. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "पोरगी रडकुंडीला आलीये आणि तुम्ही तिला पंखा दुरुस्त झाल्याचं काय सांगत बसलात?" आता मी तरी काय बोलणार? तू विचारतेस तेराशे कोटी वर्षं प्रवास करून आलेल्या प्रकाशाबद्दल, आणि मी जन्मभर दवाखान्यात लोकांच्या छातीचे आणि मोडक्या हातांचे एक्स-रे काढलेला माणूस. म्हणून हे पत्र. लिहिताना मी जरा कमी गोंधळतो.

मला समजलं ते असं. दुसऱ्या एका दुर्बिणीने फार फार लांबची एक दीर्घिका टिपली, नुसता लाल ठिपका. तुमची अवकाशातली एक्स-रे दुर्बीण त्याच जागी रोखली, तर प्रकाशाचे नऊ कण हाती लागले. नऊच! त्यावरून तू म्हणतेस, तिथे कृष्णविवर आहे, आणि तेही विश्व अगदी तान्हं असतानाचं. तुमचे प्रमुख म्हणतात, यंत्रातला डाग आहे, सोडून दे. पुन्हा निरीक्षण हवं असेल तर पुढच्या शुक्रवारपर्यंत अर्ज करायचा, आणि तू तो करणार नाहीस. का, ते तू सांगितलं नाहीस, पण मला कळलं. पुन्हा पाहिलं आणि तिथे काहीच नसलं तर? सगळे हसतील, हीच ना भीती?

राईचा पर्वत करायचा गुण तू माझ्याकडून घेतलास, असं तुझी आई म्हणते. पण मी एकदा उलटं, पर्वताची राई केली होती. ते तुला कधी सांगितलं नाही.

डागांमध्ये माझी हयात गेली. गळ्यातली साखळी, खिशातलं बटण, फिल्म धुताना उडालेला औषधाचा थेंब, सगळं उमटतं. लांब वेणी पाठीवर राहिली तर फुप्फुसाच्या टोकाशी अगदी दुखण्यासारखी सावली पडते. म्हणून प्रत्येक बाईला मी आधी वेणी वर बांधायला सांगायचो. तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा आईला खोकला लागला. तिची फिल्म मीच काढली, आणि घरच्याच माणसाला नेमकं तेवढं सांगायचं राहिलं. फिल्म धुतली, तर उजव्या खांद्याखाली पुसट सावली. डॉक्टरांना मी म्हणालो, "वेणीची आहे, साहेब." वीस वर्षांचा अनुभव माझा, त्यांनी मान डोलावली. घरी तुझ्या आईलाही मी तेच सांगितलं. दुसरी फिल्म काढायला पाच मिनिटं पुरली असती. मी काढली नाही. मला भीती वाटली, ठमे. वेणी वर बांधूनही ती सावली तिथेच राहिली असती तर?

तीन आठवडे झाले तरी खोकला थांबेना, तेव्हा तुझी आई दवाखान्यात आली, इतर पेशंटसारखी रांगेत बसली आणि नंबर आल्यावर तिने डोक्यावरचा रुमाल काढला. केस कानापर्यंत कापलेले. "आता काढा," एवढंच म्हणाली. सावली तिथेच होती. क्षय निघाला. आठ महिने गोळ्या घेऊन ती खडखडीत बरी झाली, आता माझ्यावर कशी डाफरते ते तू फोनवर ऐकतेसच. त्या वेणीपायी तू दोन दिवस तिच्याशी अबोला धरला होतास, आणि तिने तुला फक्त 'डोकं हलकं वाटतं' असं सांगितलं. तुला मावशीकडे ठेवलं, तेही शाळा जवळ पडते म्हणून नव्हे. माझी चूक तिने तुझ्यापासून आजवर झाकली. काल म्हणाली, "लिहिताय तर आता सगळं लिहा."

म्हणून लिहितो. तू भाषणांत नेहमी सांगतेस की लहानपणी बाबांनी गंमत म्हणून तुझा एक्स-रे काढला, स्वतःच्या बरगड्या तू खिडकीशी धरून पाहिल्यास आणि या किरणांनी तुला वेड लावलं. ती फिल्म तू टेबलामागच्या भिंतीवर लावली आहेस. ती गंमत नव्हती, बाळा. माझ्या भित्रेपणामुळे आईचा क्षय तीन आठवडे उशिरा कळला, आणि तेवढे दिवस तू रोज तिच्या कुशीत झोपत होतीस; तो तुलाही लागला की काय, ते मला पाहायचं होतं. तुझे केस मी स्वतः वर बांधले, फिल्म काढली, धुतली. डाव्या बाजूला एक ठिपका होता. मी डार्करूममधून बाहेर आलो आणि हसून म्हणालो, "अजून एकदा हं, तू हललीस." तू हलली नव्हतीस. दुसरी फिल्म स्वच्छ निघाली. ठिपका औषधाच्या थेंबाचा होता. तुझ्या भिंतीवर आहे ती दुसरी. पहिली मी इतकी वर्षं कपाटात जपून ठेवली होती, ती या पत्रासोबत कुरिअरने पाठवतोय. खिडकीशी धरून बघ. मग रागवायचं असेल तर खुशाल रागाव, मी फोनजवळच बसलेला असेन. पण अर्ज आधी कर.

तुझाच,
एकदा घाबरलेला
बाबा