आईचा वेबकॅम आणि माझा चंद्र

९ मार्च, शनिवार. दुपार
आजपासून चंद्र. सेकंडहँड दुर्बीण घेऊन दोन वर्षं झाली, एक फोटो नाही. वीजमीटरच्या ऑफिसात सगळे विचारतात. (एकाने विचारलं होतं. तेही मागच्या वर्षी.)

वेबकॅम उघडला. आईचा आहे. चार स्क्रू. पुढची लेन्स फिरवून काढली. आतली गुलाबी काचेची टिकली चिमट्याने उपटली, तुटली. तुटली तरी चालते, फक्त रंग जांभळट येतात, असं नेटवर आहे. लेन्सच्या जागी जुन्या कॅमेरा-फिल्मच्या डबीचं नळकांडं. दुर्बिणीत फिट्ट बसलं. मन भरून आलं.

उद्या पाचला आईचा मावशीशी व्हिडिओ-कॉल असतो. मावशी ठार बहिरी. आईचे ओठ बघून तिला सगळं कळतं. त्याआधी लेन्स परत लावायची. पाच मिनिटांचं काम. आईला सांगून उगाच काळजी कशाला?

१० मार्च, रविवार. ४.१०
लेन्स सापडत नाही.

४.५०
अजून नाही. सकाळी आईने केर काढला होता. म्हणजे चूक पूर्णपणे माझी म्हणता येणार नाही.

६.००
आईला सांगितलं, इंटरनेट कंपनीचं काहीतरी काम चालू आहे, आज चित्र जाणार नाही. आई केस विंचरून, चष्मा पुसून बसली होती. पलीकडून मावशी ओरडत होती, काळंच दिसतंय गं, आहेस का? आई आहे आहे म्हणत हात हलवत राहिली. मी म्हणालो, तू सांग, मी टाइप करतो. आई म्हणाली, तुझ्यादेखत काय बोलू तिच्याशी?

फार वाईट वाटलं. उद्याच नवा वेबकॅम आणायचा. काही झालं तरी उद्याच.

११ मार्च
साहेबांनी थांबवून घेतलं. उद्या.

१३ मार्च, बुधवार
आणला! आईसाठी. जुन्यापेक्षा भारी. डोक्यावरचं ओझं उतरलं.

खोक्यावर सेन्सरची माहिती छापली आहे. सेन्सर फार चांगला निघाला. फार म्हणजे फारच.

रात्री ८.००
फक्त बघायला म्हणून उघडला. यात लेन्स चिकटवलेली असते. ती फिरवून निघत नाही, ओढावी लागते. मग परत बसत नाही.

असो. जुन्याची लेन्स कधीतरी सापडेलच. तो आईला. तो तिच्या सवयीचाही आहे.

१६ मार्च, शनिवार. संध्याकाळी ७.००
गच्चीत कोर अगदी समोर. दोन मिनिटांचा व्हिडिओ, बाराशे फ्रेम. त्या एकावर एक रचल्या की धूसरपणा जातो. रचल्या.

नवं विवर सापडलं! नकाशात नाही. गोल, काळं, कडेला शेपूट. नाव काय द्यायचं? आईचं द्यावं. तेवढीच भरपाई.

८.१५
दुर्बीण वळवून समोरच्या भिंतीवर लावली. भिंतीवरही विवर आहे. सेन्सरवरचा केर.

१७ मार्च, रविवार
आईला सांगितलं, कंपनीचं काम लांबलं. आई म्हणाली, लांबतात कामं. एवढंच. माझ्याकडे बघितलं नाही. मावशी पाच मिनिटं काळ्या पडद्याशी बोलली आणि बंद केलं. मी स्वयंपाकघरात जाऊन दोनदा पाणी प्यायलो.

२० मार्च, बुधवार
जेवताना आई सहज म्हणाली, मावशीशी आठवडाभर कोणी बोलत नाही. लोक दमतात तिच्याशी बोलून. ताट उचलून मोरीत ठेवलं.

तिसरा वेबकॅम घ्यायला हरकत नाही. पण दुकानदार विचारणार, आधीच्याचं काय झालं? शिवाय मला माझा भरवसा नाही. हे प्रामाणिकपणे लिहितो आहे.

२३ मार्च, शनिवार
सुचलं! कॅमेरा आहे, लेन्स नाही. पण लेन्स आहे की! दुर्बीण म्हणजे लेन्सच. आईकडे रोखायची. अडचण एकच. वीस मीटरच्या आतलं दुर्बिणीला स्पष्ट दिसत नाही आणि आमचं घर सहा मीटर लांब.

समोरच्या शिंपीकाकांची गच्ची अठ्ठावीस मीटर. मोजली.

२४ मार्च, रविवार. रात्री ८.००
सगळं सविस्तर लिहून ठेवतो.

पावणेपाचला आई शिंपीकाकांच्या गच्चीवर खुर्चीत. ती का म्हणून विचारत नव्हती, तेव्हाच मला कळायला हवं होतं. कॉम्प्युटर आणि दुर्बीण आमच्या गच्चीत. पडद्यावर आईचे फक्त ओठ, हनुवटी आणि नाकाचा शेंडा. उलटे आणि जांभळे. कॅमेरा फिरवून सुलटे केले. मावशी आनंदाने किंचाळली, दिसतेस गं!

आई तिकडे हळू बोलत होती. मला ऐकू येत नव्हतं, मावशीला दिसत होतं. मावशीचं बोलणं आईपर्यंत पोचवायचं काम माझं, गल्लीवरून ओरडून. तब्येत, गुडघा, गॅस सिलिंडर, सगळं ओरडलो. मग मावशी म्हणाली, काय? दोन्ही कॅमेरे फोडले? मी केबल तपासली. मावशी म्हणाली, अरे सांग ना तिला. मी ओरडलो, मावशी विचारते, दोन्ही फोडले का? खालच्या मजल्यावरची खिडकी उघडली. शिंपीकाकांनी आईला काहीतरी विचारलं, आईने मान हलवली.

मावशी म्हणाली, पहिल्या दिवशीच लेन्स केरात सापडली, तर दिली का नाहीस त्याला? आईने बराच वेळ काहीतरी सांगितलं. मावशी ऐकत, म्हणजे बघत राहिली. मग म्हणाली, वाट बघत बसलीस होय, तो स्वतःहून सांगेल म्हणून? हे मी ओरडलो नाही.

शेवटी मावशी म्हणाली, तिला म्हणावं, तू इकडेच ये राहायला. हे मात्र ओरडावं लागलं.

पडद्यावर ओठ हलले. मला ओठ वाचता येत नाहीत. पण एवढे मोठे, एवढे स्पष्ट होते की मलाही कळलं. येते.

या दुर्बिणीने आजवर काढलेलं सर्वांत चांगलं चित्र. सेव्ह केलं नाही.

२६ मार्च, मंगळवार
आईला बसमध्ये बसवून आलो. माफी मागायचं ठरवून गेलो होतो. बॅग वर ठेवता ठेवता बस सुटायची वेळ झाली. भाजी फ्रिजमध्ये आहे, म्हणाली.

३१ मार्च, रविवार. संध्याकाळ
पाचला मीच कॉल लावला. दोघी शेजारी शेजारी. मी त्यांना दिसत नाही, आवाज तेवढा आईला जातो. मध्येच दोघी आपापसात नुसत्या ओठांनी बोलतात आणि हसतात. आईला असं हसताना घरी पाहिल्याचं आठवत नाही.

माफ कर, म्हणालो. पहिल्यांदाच. आई म्हणाली, अरे, त्यात काय.

मन घट्ट करून विचारलं, परत कधी येतेस? आई म्हणाली, तुझा चंद्र काढून झाला की सांग. त्याच दिवशी निघते.

झाला, एवढंच म्हणायचं होतं. तोंडही उघडलं होतं. आणि म्हणालो काय, तर अजून पंधरा दिवस लागतील, तेव्हा कोर पुन्हा संध्याकाळची असते.

आई बरं म्हणाली.