तांदळात लिहिलेलं नाव

मखमलाबाद, नाशिक
४ ऑगस्ट २०२५

ती. वेदिकाताईस,
सोमनाथचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की छाया ऐकते आणि मोबाइलवर टाइप करणं मला जमत नाही. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतो. ताई, तुझी भावजय हातातून चाललीय गं. दिवसभर झेंडू तोडणारी बाई उंबऱ्यापर्यंत गेली तरी धापा टाकते. डॉक्टर म्हणतात, हृदय कमजोर झालंय, कारण कळत नाही. जूनमध्ये माहेरी, लासलगावला, तापाने फणफणली होती, तेव्हापासूनचं हे, असं दहादा सांगितलं. ते म्हणतात, ताप कसला होता त्याचा पुरावा आणा. सासऱ्यांनी कागद कुठे टाकले, देव जाणे. तू एवढी शिकलीस, काहीतरी कर.

तुझी माया पाठीशी राहू दे.
सोमनाथ

पुणे, ५ ऑगस्ट

चि. सोमनाथ यास,
अनेक आशीर्वाद.

रडूबाई, आधी दोन घास खा. विषाणूचा ताप उतरल्यावर शरीरात काय मागे ठेवून जातो, हे शोधायला आमच्या संशोधन संस्थेत आम्ही तुमच्या जिल्ह्यातल्या दवाखान्यांच्या रक्ततपासण्या, हृदयाच्या सोनोग्राफी रुग्णाच्या नावावरून एकमेकींशी जोडतो. छायाच्या डॉक्टरांच्या परवानगीने पाहिलं. हृदयाची तपासणी आहे. पण नोंदींप्रमाणे लासलगावात छाया सोमनाथ नावाचं कुणी तापाने आजारी नव्हतंच. तो ताप विषाणूचा होता हे सिद्ध झालं तरच हृदयाच्या सुजेवरचं औषध देता येईल. उगाच दिलं तर जिवावर बेतेल. मलाही भीती वाटते रे. नीट आठव.

तुम्हा दोघांची,
ताई

मखमलाबाद, ६ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न.

आठवलं! लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने छाया मीच लिहिलं, नाव तूच सुचवलेलंस. तिचं आधार कार्ड अजून माहेरचंच आहे, दीपमाला रंगनाथ जेजुरकर. लासलगावला तेच दाखवलं असणार. पाया पडतो, लवकर शोध. आज तिला पाणी गिळवेना.

सोमनाथ

पुणे, ६ ऑगस्ट

चि. सोमनाथ,

सापडली. जूनच्या रक्ततपासणीत विषाणू आहे. डॉक्टरांशी बोलले, औषध आजच सुरू करतात. नाव मी सुचवलं आणि मलाच आठवू नये! पण ऐक. दीपमालाच्या नावापुढे आम्ही ‘पूर्ण बरी’ लिहून ठेवलंय. का, तर ती परत दवाखान्यात आली नाही. सासरी परतली होती रे ती! अशा ‘बऱ्या’ झालेल्या लेकी आमच्याकडे शेकड्यांनी आहेत. त्यांना सासरच्या नावाने कुणीच शोधलेलं नाही.

तिला सोडू नकोस.
ताई

नाशिक, ७ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न.

कालच तिला इथल्या दवाखान्यात आणलं, औषध चालू आहे. सकाळपासून ग्लानीत आहे. छाया, छाया म्हणून किती हाका मारल्या, पापणी हलली नाही. शेवटी दीपमाला म्हणालो. तिने लगेच ओ दिली, पण मला नाही, तिच्या आईला: ‘आले गं, आई.’

तिच्यावर लोभ ठेव, दोन्ही नावांनी.
सोमनाथ