घरासमोरचा ब्रेकर

११ मार्च
गल्लीचा रस्ता सिमेंटचा झाला. वाळूची आळी करून तीन दिवस त्यात पाणी तुंबवलंय, काँक्रीट पक्कं व्हायला. आमचा नळ आठव्या दिवशी, तोही पाऊण तास. रस्त्याला पाणी आहे, माणसाला नाही. सुलभा म्हणाली, "त्याला तरी पिऊ द्या. तो तुमच्यासारखा कुरकुरत नाही." बायको आहे की विरोधी पक्ष.

२४ मार्च
रस्ता गुळगुळीत झाला आणि गल्लीचं वाटोळं. मागच्या शेतात फ्लॅट उठतायत, त्यांचे पाण्याचे टँकर आता इथूनच. खेपेवर पैसे, म्हणून ड्रायव्हर सुसाट. आज एकानं माझ्या उभ्या स्कूटरचा आरसा उडवला. जाब विचारला तर डोकं बाहेर काढून म्हणतो, "ए म्हाताऱ्या, गाडी आत लाव की. रोड काय तुझ्या बापाचा हाय?" बत्तीस वर्षं कचेरीत काढली, साहेबसुद्धा अहोजाहो करायचे. जेवण गेलं नाही.

२६ मार्च
अर्ज लिहिला. लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी गतिरोधक मिळावा, वगैरे. चौदा सह्या. मुलांचं कारण खोटं नाही, पण खरं कारण तो टँकरवाला. इथं लिहायला हरकत नाही.

२ एप्रिल
अर्जाची वाट कोण बघतो! शेजारी रशीदभाईंच्या वरच्या मजल्याचं काम चाललंय. उरलेला माल आमच्या दारासमोर आडवा ओतून घेतला. रशीदभाई म्हणाले, "काका, भोत ऊंचा होरा ये. एक वीत हो गया." म्हटलं, टँकरला कळलं पाहिजे. गटाराच्या कडेला हातभर फट सोडली, आपल्या दुचाक्या निघायला. इथं सगळ्याच गल्ल्यांत तशी सोडतात. ब्रेकर नेहमी दुसऱ्यासाठी असतो.

४ एप्रिल
तोच टँकर, तोच ड्रायव्हर. धाडकन आदळला, वरच्या झाकणातून पाणी उसळलं. फार बरं वाटलं. अडुसष्टाव्या वर्षी लाज वाटायला हवी होती, नाही वाटली.

१७ एप्रिल
नवीनच प्रकार. टँकर आता ब्रेकरवर मुंगीच्या पावलानं चढतात. हेलकाव्यानं वरून पाणी सांडतं, मागचे नळही गळके. समोरच्या कमळाबाईनं पहिल्यांदा घागर धरली, आज नऊ जणी होत्या. सकाळपासूनच बादल्या नंबराला. "काका, तुमच्या हातून लई पुण्याचं काम झालं बगा," कमळाबाई म्हणाली. फुगलो.

२९ एप्रिल
परवा बोअर आटला. काल स्कूटरवरून गारखेड्याहून पाण्याचा कॅन आणत होतो. सुलभा मागे, एका बाजूला पाय सोडून, कॅन मांडीवर. फटीतून काढायला गेलो तर फटीत बादल्यांचा नंबर. कमळाबाई ओरडली, "थांबा काका, काढते!" थांबलो नाही. माझ्या दारात मी का थांबू? ब्रेकरवरूनच घातली.

मागं बघतो तर सु. रस्त्यावर. कॅन फुटून पाणी तिच्या खालून वाहत होतं. आधी वाटलं रक्तच.

कंबरेचा मणका दबलाय. सहा आठवडे उताणं पडून राहायचं. पुन्हा नीट चालेल का विचारलं, डॉक्टर "बघू" म्हणाले.

६ मे
रशीदभाईंची पहार आणून ब्रेकर फोडायला लागलो. दोन घाव झाले आणि कमळाबाई त्यावरच येऊन बसली. "वहिनीचं लई वाईट झालं, पाया पडते तुमच्या. पन हे फोडू नका. दोन घागरी हितंच मिळत्यात." बाकीच्याही बसल्या. मी ओरडलो, माझ्या बायकोचं कंबरडं मोडलं इथं! कुणी हललं नाही. रशीदभाईंनी हळूच हातातून पहार घेतली. "घर चलो काका. धूप लगेगी."

स्वार्थी लोक. अर्जावर सह्या यांच्याच.

१३ मे
सु.ला सगळं सांगितलं. वाटलं, निदान ती तरी माझ्या बाजूनं चिडेल. छताकडं बघत म्हणाली, "कमळाबाई थांबा म्हणत होती ना?" आठवडाभर माणसांना शिव्या घालतोय, रस्त्याला घालतोय, टँकरला घालतोय. तिला पाडलं ते मी. आणि

२१ मे
नळ येऊन आज नववा दिवस. उकाड्यानं सु.ची पाठ लाल झालीय, अंग पुसलं नाही तर चिघळेल. घरात तांब्याभर पाणी, प्यायचं.

दुपारी बादली घेऊन ब्रेकरपाशी गेलो. बायकांनी सरकून पुढं जागा दिली, ते जास्त लागलं. टँकर आला, नेमका तोच ड्रायव्हर. त्यानं ओळखलं. आता काहीतरी बोलेल म्हणून मान खाली घालून उभा राहिलो. तो उतरला, मागचा नळ थोडा सैल केला. "बाबा, जवळ धरा बादली. सांडायलंय."

भरेपर्यंत थांबला. शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

सु.चं अंग पुसलं. डोळे मिटूनच म्हणाली, "नळ आला?" मी हो म्हणालो.

मी बादली पालथी घालत होतो, तेव्हा म्हणाली, "उद्या दोन बादल्या ठेवा नंबराला. केस धुवायचेत."