दोन गल्ल्यांचं विमान

करमाड,
१७ सप्टेंबर २०२४

ती. स्व. आक्कांना भावजय सारजाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

इकडं सगळे ठीक आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुमचे भाऊ काय ठीक नाहीत. डॉक्टरांनी आता तुमची औषधं बंद केली, राहिले ते दोन-तीन महिने, असं कृष्णानं फोनवर सांगितल्यापासून त्यांनी जेवायचं ताट दोनदा मागं सारलं. मी म्हणलं, तुमच्या उपाशी राहण्यानं आक्का बऱ्या होणार आहेत का? तर मलाच डोळे दाखवतात.

आता मुद्द्याचं. मला फिरवून बोलता येत नाय. तुम्ही इकडं या. गळ्याच्या आपरेशनच्या आधी, आवाज होता तेव्हा, तुम्हीच मला म्हणला होतात की सारजा, शेवटी मला करमाडला ने. चितेगावचं सासरचं घर दाजी गेल्यावर विकलं. मग राहिलं कोण? आम्हीच.

तुमचा कृष्णा म्हणतो, मामी, एवढ्या आजारी माणसाला विमानात बसवत नाहीत. बसवायचंय कुणाला, झोपवून आणायचंय. मी आपल्या मोनिकाला खोदून खोदून विचारलं. ती म्हणते, त्यांच्या कंपनीचं लंडनचं विमान मोठं असतं, आत खुर्च्यांमधून दोन गल्ल्या असतात. अगदी मागच्या खुर्च्यांच्या पाठी पाडून त्यावर स्ट्रेचर बसवतात, भोवती पडदा लावतात, ऑक्सिजन देतात. आपल्या चिकलठाण्याला येतं ते एका गल्लीचं, त्यात हे जमत नाय, अन मोठं इथं येत नाय. म्हणजे मुंबईपर्यंत विमान अन पुढं समृद्धीनं ॲम्ब्युलन्स. तिकडच्या डॉक्टरचा फक्त एक कागद लागतो, की बाई नऊ तास काढील. त्या डॉक्टरला सांगा, हिनं सासूपाशी पंचवीस वर्षं काढलीत, नऊ तासांचं काय घेऊन बसलात.

ज्या पोरीला तिचा बाप विमानात लोकांना चहा पाजायला पाठवत नव्हता, अन तुम्ही फोनवरून त्याला झापून पाठवायला लावलं, तीच पोरगी तुम्हाला घेऊन येईल. सध्या तर ती आपली पोस्टमन झालीय. लाली लावून फिरणारी. सगळे म्हणतात पत्राचा फोटो काढून मोबाईलवर टाक. मग तो निशा वाचणार, कृष्णा वाचणार, अन मग तुम्ही. सुनेच्या अन लेकाच्या डोळ्याखालून आलेलं पत्र काय कामाचं? बंद पाकीट बरं.

हो का नाय ते लवकर लिहा. वाट बघत बसणं मला जमत नाय. तुमचा लोभ माझ्यावर आहेच, तो सोबत घेऊन या.

तुमची,
सारजा

लंडन,
२६ सप्टेंबर २०२४

चि. सौ. सारजा हिला आक्काचे आशीर्वाद. काकासाहेबाला व घरातल्या लहानथोरांनाही.

पत्र पोचलं. मोनिकानं हॉटेलातून इथवर येऊन हातात दिलं. पोरगी वाळलीय, तिला खायला घाल. साडीही पोचली. डाळिंबी रंग, बारीक काठ. चांगली आहे.

पत्रात साडीबद्दल एक अक्षर नाही. मी दोनदा वाचून पाहिलं. घडीला हळदीचं बोट नाही, सोबत साधी सुपारी नाही. पित्तरपाठात जित्या माणसाला नवं कापड आपल्याकडं कुणी देत नाही. आणि मी तर वर्ष झालं गाऊनमध्येच पडून आहे, मला साडी कशासाठी लागेल ते मला कळतं. बाई गेली की तिच्या अंगावर माहेरची साडी पडावी लागते. तिकडून इतक्या लांब ती वेळेवर पोचायची नाही, म्हणून आधीच पाठवलीस. तुला पहिल्यापासून घाई. कृष्णाच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी तू पंगत बसवली होतीस.

मी रागावले नाही. कुणीतरी आठवणीनं करायलाच पाहिजे होतं. पण आता येणं रहित. साडी इथं, मी इथं, बाकीचंही इथंच उरकेल. इथं विजेवर जाळतात, धूरसुद्धा दिसत नाही म्हणे. कृष्णाला मी खूण करून स्ट्रेचरचं नको म्हणाले. त्याला बरंच वाटलं असावं, लगेच मान हलवली.

काकासाहेबाला साडीचं बोलू नकोस. तो रडेल आणि तू त्याच्यावर ओरडशील.

माया होती ती आहे. एका साडीनं ती काय कमी व्हायची?

तुझी,
आक्का

करमाड,
३ ऑक्टोबर २०२४

आक्कांना नमस्कार, पण आधी भांडण अन मग वि. वि.

तुम्ही येड्या का खुळ्या? मी जित्या माणसाला कफन पाठवीन? एवढी वर्षं मला बघता, हेच बघितलं का?

ऐका. त्या दिवशी मी शहागंजला मोनिकाच्या चिवड्याचे पोहे आणायला गेले होते. दुकानाच्या दारात ही साडी टांगलेली. मनात आलं, आक्का मुंबईला उतरतील तेव्हा काय गाऊनवर उतरतील? परकी माणसं उचलणार, इकडं सगळं गाव बघायला येणार, काकासाहेबांची बहीण गाऊनवर आली म्हणतील. एवढाच विचार, दुसरा नाय. घेतली. घरी आले तर तुमच्या पत्राचं पाकीट चिकटवून झालेलं, दारात गाडीवाला भोंगा वाजवतोय, मोनिका आई आई करतेय. हळदीसाठी देवघरापर्यंत जायचं होतं, दहा पावलं. मी गेले नाय. तिच्या बॅगेची चेन ओढली अन साडी आत कोंबली. दुसऱ्या दिवशी पित्तरपाठ लागतोय हे तर डोक्यातच नव्हतं.

तुमचं पत्र वाचल्यावर फोन केला. निशानं तो तुमच्या कानाला लावला म्हणे. मी घसा फाडून सगळं सांगितलं, पलीकडून नुसता श्वास. मग निशा म्हणाली, मामी, आईंनी तोंड भिंतीकडं केलंय. मी फोन ठेवला अन पोळ्या करायला बसले. एक पोळी धड झाली नाय.

आज घट बसले. या कागदाच्या वरच्या कोपऱ्याला मी हळदीचं बोट लावलंय, चांगलं ओलं. ते साडीच्या काठाला घासा. मग ती झाली जित्या बाईची साडी. तीच नेसून या. तुमच्या भावानं भाऊबीजेचा पाट आत्ताच धुवून वाळत घातलाय, हसू नका.

अन एक सांगून ठेवते. नाय आलात तर मी दुसरी साडी पाठवणार नाय. तसल्या वेळेला पण नाय. मग तुमच्या माहेराला गाव नाव ठेवंल, ठेवू दे.

भांडल्यानं लोभ आटत नसतो. आटला असंल तर इथं येऊन तोंडावर सांगा.

सारजा

लंडन,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. सारजा हिस आशीर्वाद.

घासली. कोपरा फाटेपर्यंत घासली. निशा बघत होती, तिला वाटलं माझं डोकंही गेलं. काठाला पिवळा डाग पडलाय, आता दुकानदार परत घेणार नाही. म्हणजे येणं आलं.

तोंड भिंतीकडं केलं ते रागानं नाही. मी रडले की गळ्याच्या भोकातून शिट्टीसारखा आवाज येतो. तो तुला ऐकवायचा नव्हता.

डॉक्टरबाईनं कागद दिला. देताना विचारलं, वाटेतच काही झालं तर? मी लिहून दिलं की होऊ द्या. कृष्णाच सोबत येणार, निशा लेकरापाशी राहील. २९ तारखेचं विमान. मोनिकानं साहेबांच्या मागं लागून त्याच विमानावर ड्यूटी घेतलीय. ती आली होती तेव्हा मी तिच्याकडून सगळं समजून घेतलं.

तेव्हापासून एकच भीती आहे, ती तुला सांगते, पोरांना नाही सांगितली. प्रवाशाला जास्त झालं की वाटेत लागेल त्या देशात विमान उतरवतात म्हणे. सारजा, मला ते नको. लंडन काय, लेकाचं घर तरी आहे. करमाड माझं आहे. मधल्या कुठल्या गावात, जिथं मला हाक मारणारं कुणी नाही, तिथल्या दवाखान्यात मला टाकून देऊ नये एवढंच वाटतं.

भात मऊ करून ठेव. नळीनं जातो, पण वास येतो.

लोभ काय लिहायचा, आता समोरासमोरच.

आक्का

मुंबई,
१६ नोव्हेंबर २०२४

ती. आईस मोनिकाचा नमस्कार. अण्णांनाही सांग.

तेरावा होईपर्यंत घरीच होते, पण पाहुण्यांच्या गर्दीत तुझ्याशी बोलता आलं नाही. तूही काही विचारलं नाहीस. आत्या विमानात गेल्या एवढंच कृष्णादादानं सगळ्यांना सांगितलं. कशा गेल्या ते मला फोनवर सांगवणार नाही, म्हणून लिहिते.

आत्यांना जेवणाचे डबे चढवायच्या लिफ्टनं मागच्या दारापर्यंत वर घेतलं. निशावहिनीनं गाऊनवरूनच साडी गुंडाळली होती, पदर मात्र नीट खांद्यावर. मी दारात हात जोडून उभी होते. आत्यांनी माझ्या ओठांकडं बोट केलं आणि पुसून टाक अशी खूण केली. हसत होत्या.

आमच्या सीनियर ताईंनी मला मुद्दाम दुसऱ्या गल्लीत काम दिलं. म्हणाल्या, आपलं माणूस असलं की हात कापतात. आत्या उजव्या गल्लीला, मी डाव्या, मध्ये खुर्च्यांची रांग. निम्मा प्रवास नीट झाला. मग त्यांना धाप लागली. प्रवाशांत एक डॉक्टरीणबाई होत्या, त्यांनी तपासलं, ऑक्सिजन वाढवला. कॅप्टननं निरोप पाठवला की जवळ एक मोठं शहर आहे, तिथं उतरता येईल, घरच्यांचं काय म्हणणं आहे. दादा पडदा धरून माझ्याकडं बघत राहिला. मी रांग ओलांडून आत्यांपाशी गेले आणि त्यांनाच विचारलं. त्या पूर्ण शुद्धीत होत्या. एसटीच्या कंडक्टरला आपण चला म्हणून हात करतो ना, तसा त्यांनी हात पुढं केला. दोनदा.

दादा रडायला लागला. म्हणून पुढं चला हा निरोप मी नेला, आई. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या की उतरून फार फरक पडणार नाही. पण त्यांनी ‘फार’ म्हटलं. तो शब्द माझ्या कानातून जात नाही.

मग मला माझ्या गल्लीत परत जावं लागलं. नाश्ता वाटायचा होता. एका काकांना दुसऱ्यांदा चहा हवा होता. तो ओतताना मधल्या लोकांच्या डोक्यांवरून बघितलं, तर दादा पडद्याबाहेर येऊन नुसता उभा होता. मला कळलं. मी काकांना साखर किती ते विचारलं.

विमानात असताना कुणी गेलं असं लिहीत नाहीत. उतरल्यावर तिथल्या डॉक्टरनं तपासून लिहिलं, म्हणून दाखल्यावर मुंबई आहे. खरं कुठं गेल्या ते मला सांगता येत नाही. खाली नुसते ढग होते.

उतरवा म्हणाले असते तर आत्या भाऊबीजेला असत्या का? दोन दिवस आजारी आहे सांगून ड्यूटीवर गेले नाही. राजीनामा लिहून ठेवलाय. तू स्पष्ट बोलतेस, तर स्पष्टच सांग. राग असला तरी लोभ काढून घेऊ नकोस.

तुझी,
मोनिका

करमाड,
२१ नोव्हेंबर २०२४

चि. मोनिकास आईचे आशीर्वाद.

विचारलं नाय ते रागानं नाय. मला धीर नव्हता. पडद्याआड कुणी जवळ नसताना गेल्या असं ऐकावं लागंल, याची धास्ती होती. आता कळलं की कृष्णा शेजारी होता अन तू समोर. बरं झालं लिहिलंस. पत्र वाचून तुझ्या अण्णांना पण दाखवलं.

तू विचारलंस ते. भाऊबीजेला असत्या का, मला माहीत नाय. असत्या म्हणलं तर तू झुरशील, नसत्या म्हणलं तर ते मी मनानं रचलेलं. पण दवाखान्यात ठेवून त्या कुठं असत्या? जिथं त्यांना हाक मारणारं कुणी नाय तिथं. हे माझं नाय, त्यांचं आहे. शेवटच्या पत्रात लिहिलं होतं, वाटेत उतरवतील हीच एक भीती. ते पाकीट तूच आणलंस, आत काय ते तुला कुठं माहीत. तू त्यांचा हात बघितलास अन तसंच केलंस. तुझ्या जागी मी असते तर घाबरून उतरवा उतरवा करून विमान डोक्यावर घेतलं असतं. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. म्हणून म्हणते, तू होतीस ते बरं.

तुझ्या देखत झालं नाय ते सांगते. ॲम्ब्युलन्स आली तशी शेजारची गीताबाई माहेरची साडी मागायला लागली. मी म्हणलं अंगावर आहे. ती म्हणाली ही तर नेसलेली, डाग पडलेली, असल्या वेळेला कोरी लागते. तिच्या बन्सीला मोटरसायकल काढायला लावत होती, शहागंजला जायला. मी जाऊ दिलं नाय. दुसरी साडी देणार नाय असा मी आक्कांना शब्द दिला होता. वरून नुसतं तूप अन फुलं. आता गाव बोलतंय, सारजीनं नणंदेला साडीसुद्धा घातली नाय. बोलू दे.

राजीनाम्याचं तुझं तू ठरव. पण आजारी आहे असं खोटं सांगू नको. जायचं नसंल तर जायचं नाय म्हण, अन जायचं असंल तर तोंड धुवून जा. मी दोन्हीला राजी आहे. भाकरी इथं आहेच.

तुझे अण्णा भेटायला येईल त्याला दाखला काढून दाखवतात. हे बघा, मुंबई लिहिलंय, आपल्याच राज्यात गेली. त्यांना तेवढ्यानं झोप लागते, म्हणून मी मधी बोलत नाय. ते आत गेले की बाया मला हळूच विचारतात, खरंच मुंबईला का? मी नाय म्हणते. कुठं गेली मग, म्हणतात.

मी सांगते, माहेराला निघाली होती. वाटेत गेली.

मायेचं काय लिहू, ती मला लिहिता येत नाय. सुट्टी मिळाली की ये.

तुझी,
आई