नव्या तुरीतले किडे

निलंगा,
ता. १२ डिसेंबर २०२४

ती. उमाअक्कास,
माणिकप्पाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय तुला ऐकू येत नाही आणि स्पीकरवरचं सगळं तनुजा ऐकते. तुझी सून गुणाची आहे, पण तिला कळलेलं माझ्या घरी अंजूला कळायला चहा उकळण्याएवढाही वेळ लागत नाही. म्हणून बायकोपासून लपवायचं तेवढं पत्राने.

आठवडा झाला, माझ्या उजव्या डोळ्यापुढे काळे ठिपके आणि एक सुतासारखं काहीतरी तरंगतंय. बघायला जावं तर सरकतं. परवा आडतीवर संगप्पाने स्वतःच्या शेतातल्या तुरीचा नमुना दाखवला, तर मी किडे आहेत म्हणून माल बाजूला काढला. तो म्हणाला की लई झालं माणिकप्पा, कालच रास झालेली तूर हाय, किडा काय पेरणीतच टाकला होता का. सगळे हसले, मीही हसलो. पण अक्का, माझ्या नजरेवर तिथे सौदे होतात. नजरच गेली म्हटल्यावर मला कोण विचारणार? तुलाही मागे असं झालं होतं ना? उपाय कळव. गुलाबपाणी घालून झालं.

भाऊजींना नमस्कार. माया आहेच, ती अशीच असू दे.

तुझा
माणिकप्पा

भोकर,
ता. १७ डिसेंबर २०२४

चि. माणिकप्पास,
अनेक आशीर्वाद.

गुलाबपाणी गुलाबजामात घाल, डोळ्यात नको. मला झालं तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी थेंब घालून डोळा आतून तपासला. म्हणाले की वयाप्रमाणे डोळ्यातला जेलीसारखा भाग आकसतो, त्यातल्या तंतूंची सावली आत पडते आणि आपल्याला ठिपके दिसतात. बहुतेकांना त्याने काही होत नाही, हळूहळू सवय होते. माझे अजून आहेत. मी अजून शाळेत शिकवत असते, तर त्यांचीही हजेरी घेतली असती.

पण नवीन ठिपके आले की एकदा तपासून घ्यायचेच. तुझा तर शाळेपासून मायनसचा जाड चष्मा, तुला जास्त जपायला हवं. आणि हे नीट वाच. ठिपके एकदम वाढले, डोळ्याच्या कडेला उजेड चमकला किंवा एका बाजूने पडदा आल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. दुखत नाही म्हणून माणसं बसून राहतात आणि डोळा घालवतात. तू बसून राहणाऱ्यांपैकी आहेस, म्हणून दोनदा लिहिते: त्याच दिवशी.

अंजूला सांग. ती खात नाही तुला. तुमच्या सगळ्यांवर जीव आहे, तो जाणून असा.

तुझी
अक्का

निलंगा,
ता. ३१ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
माणिकप्पाचा नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. वेळ अमावस्येची शेतातली पूजा झाली की लातूरला जायचं ठरवलं होतं. काल सगळे शेतात होते. पूजेला कडब्याची कोपी घातली, जेवणात भज्जी, उंडे, अंबिल सगळं झालं. पाहुण्यांनी अंबिल एवढी प्यायली की दुपारी कोपीत झोपलेल्यांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती.

संध्याकाळी कडब्याच्या पेंढ्या पेटवून लोक आपापल्या शेताभोवती फिरत होते. माझ्या उजव्या हाताला सारखा उजेड चमकायचा. मला वाटलं, शेजारच्या माणसांनी यंदा फार उत्साह धरलाय. घरी येऊन अंथरुणात डोळे मिटले, तरी शेजारी पेंढ्या फिरवतच होते. आज सकाळपासून ठिपके तर मोजता येत नाहीत आणि खालून काळसर पडदा वर आलाय.

दुखत अजिबात नाही. पाहुणे शुक्रवारी जातील, शनिवारी लातूर गाठतो. तोवर अंजूला काही बोलू नकोस. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा
माणिकप्पा

लातूर,
ता. ६ जानेवारी २०२५

ती. अक्कांस,
अंजूचा नमस्कार वि. वि.

हे पालथे पडलेत, म्हणून मी लिहिते. शुक्रवारी त्यांचं पत्र तुमच्या हाती पडलं आणि तुमचा फोन आला तेव्हा हे जेवायला बसले होते. तुम्ही मला एवढंच म्हणालात की ताट काढ आणि त्याला गाडीत घाल. तसंच केलं. गाडीत भाकरी मागत होते, ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं म्हणून दिली नाही.

डोळ्यातला मागचा पडदा सुटला होता. शनिवारी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले की उजेड चमकला तेव्हाच आले असते तर कदाचित लेझरवर भागलं असतं. आता किती दिसेल ते काही महिन्यांनी कळेल. आत हवा भरलीय, म्हणून सांगतील तोवर पालथंच राहायचं. ह्यांनी विचारलं की पालथं पडून आडतीवर जाता येईल का.

ह्यांनी मला लिहायला सांगितलंय की काळजीचं कारण नाही. मी लिहिते की आहे. माझ्यापासून लपवलं याचा राग तर आहेच, तो घरी गेल्यावर काढीन.

काल पट्टी सोडली. डॉक्टरांनी त्यांना डावा डोळा झाकायला लावून, समोर काय दिसतं ते विचारलं. मीच उभी होते. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले की अंजू आहे, चेहरा दिसत नाही, पण रागावलेली दिसते. अक्का, मी रडत होते.

तुम्ही या. आमच्यावरची माया कमी होऊ देऊ नका.

आपली
अंजू