दांड्याची उंची

ताई, तुला आणि दाजींना आम्हा दोघांचा वाकून नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. गाडीतल्या या घरात सगळं हाताशी आहे. ही म्हणते, झाडायला दोन मिनिटं पुरतात. एकेका मित्राकडे मुक्काम करत, त्याच्या घरची डागडुजी करून देत फिरतोय. मागच्या मित्राकडे छप्पर गळत होतं. तिथे शिडीवर हीच चढली, मी खाली उभा राहून अक्कल पाजळली.

सध्या गाडी दुसऱ्या मित्राच्या अंगणात आहे. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून बाथरूममध्ये धरायला दांडा बसवतोय. काल उंची ठरवायला मी स्वतःच कमोडवर बसलो आणि उठायला गेलो, तर उठताच येईना. हात आपोआप कोऱ्या भिंतीवर दांडा शोधत होता. शेवटी मित्रानेच आपली कुबडी पुढे केली. म्हणाला, "तुझ्यासाठीपण एक बसवून घे." हसलो दोघंही.

हिला बोललो नाहीये. गाडी आता तीच चालवते. मला बाहेर बघत बसायला आवडतं, असं सांगितलंय.

दाजींचा खोकला थांबला का? आणि एक आठवून कळव. बाबांच्या आधी कुठल्या पायातली ताकद गेली होती, डाव्या की उजव्या? फोन करू नकोस, फोन हीच उचलते.

तुझा धाकटा